शनिवारचं जॅझ

मला संगीताची आवड कधीच नव्हती. साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षिकेची जागा रिकामी होती आणि त्या जागेबरोबर राहायला एक खोली मिळत होती. मला खोली हवी होती.

नवरा लढाईत इटलीला गेला तो परत आला नाही. सासर पाटणच्या बाजूला. माणसं वाईट नव्हती, पण घरात तीन दीर, त्यांच्या बायका, मुलं आणि म्हशी, आणि ह्या सगळ्यांचं जे कुणी करत नसे ते मी करायचं असा शिरस्ता पडत चालला होता. मी सातवी पास होते. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मान्यता असलेल्या कुठल्याही संस्थेची संगीताची पदविका आणा. पुढच्या जूनपर्यंत जागा धरून ठेवते. जून लागला की दुसरी बाई बघेन."

साताऱ्यात गाणं शिकवणारे एक बुवा होते. ते म्हणाले, सहा वर्षं लागतील, आणि आवाज ऐकल्यावर म्हणाले, आठ. सांगलीत मात्र एक संस्था वर्षात पदविका देत होती. 'विश्वसंगीत महाविद्यालय'. मान्यता येऊ घातली होती. चालवणारा माणूस पलटणीच्या बँडमधून सुटून आलेला. एवढं कळल्यावर माझ्या मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पुढचं काही विचारलंच नाही. ते स्वतः सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालेले.

"पलटणीतला हाय न्हवं? मग झालं. वळण लावील," असं म्हणून त्यांनी मला मोटारीत बसवून दिलं. सांगलीत माझी एक मावसबहीण होती, तिच्याकडे राहायचं ठरलं.

महाविद्यालय हळदीच्या वखारीवर होतं. खाली पोती, वर दोन खोल्या. वखारवाल्या शेटना मास्तरांनी, म्हणजे त्या पलटणीतल्या माणसानं, पटवलं होतं की कॉर्नेटच्या, म्हणजे त्यांच्या आखूड पितळी तुतारीच्या, आवाजानं हळदीला किडा लागत नाही, म्हणून शेटनी जागा दिली होती. मधूनच ते खालून ओरडत, "मास्तर, जरा ईशान्येच्या कोपऱ्यात वाजवा हो! तिकडचं पोतं हलतंय!" मास्तर तिकडे तोंड करून वाजवत. खोलीतली प्रत्येक वस्तू पिवळी होती. मी वर्षभर पिवळ्या पावलांनी घरी गेले.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण दारावर 'प्राचार्य' अशी पाटी होती. मूळचे वडूजकडचे, लहानपण मेंढरांमागे गेलेलं. उन्हाळ्यातही अंगात खाकी कोट, मिशा मेण लावून दोन बाजूंना ताणलेल्या. विद्यार्थी आम्ही दोनच. एक मी आणि दुसरा सिदू. सिदू लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि लग्नसराई नसली की शिकायला यायचा. तरी रोज सकाळी मास्तर बिगूल वाजवून आम्हाला रांगेत उभं करत आणि मोजणी घेत. "एक!" मी म्हणायचे. "दोन!" सिदू म्हणायचा. मग मास्तर समाधानानं मान हलवून म्हणत, "संख्या पूर्ण."

आता अभ्यासक्रमाचं सांगते. मास्तर पलटणीबरोबर मिसर, म्हणजे इजिप्त, मग इटली असे फिरले होते आणि जिथे जे कानावर पडलं ते त्यांनी उचललं होतं. त्यांचं एक तत्त्व होतं, जिथलं गाणं तिथं जसं ऐकलं तसंच म्हणायचं. त्यात केसाइतकाही बदल नाही. ऐकायला हे बरं वाटतं. करायला काय होतं ते बघा.

मिसरी संगीत त्यांनी छावणीत, एका भिंतीच्या अलीकडून ऐकलं होतं. पलीकडे कुणाचं तरी लग्न होतं. म्हणून मिसरी गाणं आम्हाला भिंतीकडे तोंड करून शिकावं लागे. त्या दिवशी वारा पडत-उठत होता, त्यामुळे गाण्याचा निम्मा भाग त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. तो आम्हालाही आला नाही. दोन ओळी म्हणायच्या, मग गप्प. पुन्हा दीड ओळ, मग गप्प.

"मास्तर, मधलं काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मधे वारा पडला."

"पण त्यांनी तिकडं काहीतरी म्हटलं असेल ना?"

"ते त्यांच्यापाशी. आपल्याला मिळालं तेवढं आपलं."

इटालियन गाणं त्यांनी एका परटिणीकडून घेतलं होतं, म्हणून ते ओली चादर पिळत म्हणायचं. ह्यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मावसबहिणीच्या घरची धुणी मी वर्षभर वखारीवरच धुतली. ती म्हणायची, तुझं कॉलेज लय चांगलं हाय गं.

पण पदविकेचा मुख्य विषय जॅझ. आणि इथे मास्तर नुसते शिक्षक नव्हते, घराणेदार होते.

इटलीत त्यांच्या पायावरून खेचर गेलं आणि त्यांना इस्पितळात टाकलं. शेजारच्या खाटेवर अमेरिकेचा एक काळा शिपाई होता. त्याचा डावा पाय प्लास्टरमध्ये, दोरीनं वर टांगलेला. तो निजल्या निजल्या तुतारीसारखं एक वाद्य वाजवायचा. मास्तरांनी ते ऐकलं आणि त्यांच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा जन्म तिथं झाला. त्यांनी बँडेजचा धागा सोडवून, त्याचाच हात धरून, शिष्य म्हणून आपल्या मनगटावर रीतसर गंडा बांधून घेतला. गूळ-चणे नव्हते, म्हणून बिस्किटं वाटली.

"त्यांना कळलं का, तुम्ही काय करताय ते?" मी विचारलं.

"उस्तादांना वाटलं, मी नाडी बघतोय." 'उस्ताद' म्हटलं की मास्तर कानाची पाळी धरत. हातात कॉर्नेट असलं तरी धरत. त्यामुळे त्यांच्या कानामागे कायम एक टेंगूळ असे.

"तुम्हाला त्यांची भाषा येत होती?"

"त्यांना मराठी येत नव्हती, मला इंग्रजी येत नव्हती. म्हणून तर एकदाही गैरसमज झाला नाही."

तर उस्तादांनी जे वाजवलं ते मास्तरांनी सुरासुरानं पाठ केलं, आणि तेच आम्ही पाठ करायचं. उस्तादांचा एका जागचा खोकला, दुसऱ्या जागची जांभई, सगळं त्यात होतं. तिसऱ्या फेरीनंतर कॉर्नेट खाली घ्यायचं, आ करायचा आणि वीस-पंचवीस मात्रा तसंच थांबायचं. ही 'मोकळी जागा' म्हणजे घराण्याची खासियत. आणि बैठक? प्रत्येक घराण्याची आपली बैठक असते. आमची निजून, डावा पाय दोरीनं आढ्याला टांगून.

सिदू निमूट पाय टांगून घ्यायचा. मी साफ सांगितलं, मी नऊवारी नेसते, जमणार नाही. मास्तरांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. मी खुर्चीत बसून वाजवायचं, शेजारच्या खाटेवर सिदूनं माझ्या वतीनं पाय टांगायचा. "तात्पुरती सवलत," ते म्हणाले. "परीक्षेला मिळणार नाही."

कॉर्नेट वाजवण्याबद्दल घरून काही अडचण आली नाही. मामंजींना मी कळवलं तेव्हा त्यांचा उलट निरोप आला, 'बिगूलच हाय. बिगूल वाजवायला कसली लाज.'

हिवाळ्यात मला ताप आला. डॉक्टरांनी ताप बघायची काचेची नळी तोंडाशी आणली आणि "आ करा, थांबा" म्हणाले, तेव्हा मला ती 'मोकळी जागा' कळली. बरी झाल्यावर मी मास्तरांना सरळ सांगितलं, "मास्तर, त्या जागी उस्तादांचा ताप बघायला नर्स येत असेल."

मास्तरांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "येत होती."

"मग ती जागा काढून टाकू या. ते संगीत नाही."

"बाई, उस्तादांच्या तोंडात ती नळी गेली तेव्हा ते वाजवत होते. मधे जे काही गेलं ते संगीतातच गेलं."

मी आ करत राहिले.

मे महिन्यात संस्थानच्या शिक्षणखात्याचे साहेब मान्यतेसाठी येणार असं ठरलं. ठरलेला दिवस मंगळवार होता. साहेब विद्यार्थ्याची परीक्षा बघणार आणि तिथल्या तिथे होय की नाही सांगणार. होय म्हणाले तर माझी पदविका खरी, नाहीतर हळदीच्या पोत्याच्या लेबलाला आणि तिला सारखीच किंमत. जून पंधरा दिवसांवर होता. पाटणहून मामंजीही आले, सुनेचं काय चाललंय ते बघायला. पटका बांधून, पदकं लावून.

मास्तरांनी खाट मधोमध मांडली होती, आढ्याला दोरी बांधली होती. म्हणाले, "बाई, बैठक घ्या."

"घेणार नाही."

"परीक्षा आहे. उस्तादांची आण आहे."

"माझ्या सासऱ्यांसमोर आणि साहेबांसमोर मी पाय टांगून घेणार नाही. सिदूला टांगा."

"सिदू ढोलावर आहे. त्याचे दोन्ही पाय लागतात." मास्तरांची प्राचार्याची भाषा सुटली. "आवं, पाय वर न्हाई तर जॅझ न्हाई! मग मी सायबाला काय दाखवू, भजन?"

मामंजी हे सगळं ऐकत होते. त्यांनी काठी भिंतीला लावली.

"ही कसली कवाईत हाय?"

मी थोडक्यात सांगितलं. पाय वर पाहिजे, एवढंच.

"कुनाचाबी चालतो?"

"आजवर सिदूचा चालत होता."

"मग माझा टांगा की. नवस एकाचा आन् लोटांगन दुसऱ्याचं, हे आपल्यात चालतंच. पोरीची नोकरी अडलीया." आणि पदकांसकट ते खाटेवर आडवे झाले. "बांध रं गड्या. पलटणीची गाठ मार. सुटली न्हाई पायजे."

सिदूनं मारली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. मी कॉर्नेट पुसत होते.

साहेब आले. सडपातळ, वयस्क, काळी टोपी. गाण्यातले दर्दी असावेत, कारण खोलीत येताच ते मांडीवर बोटं वाजवू लागले. खाटेवर पदकं लावलेला म्हातारा पाय आढ्याला टांगून पडलेला पाहून ते थबकले.

"हे कोण?"

"बैठक," मास्तर म्हणाले.

मामंजींनी निजल्या निजल्या सलाम ठोकला. साहेबांनी नमस्कार केला आणि खुर्चीत बसले. संस्थानात नोकरी काढलेल्या माणसाला फार प्रश्न विचारायची सवय नसते. पण एक प्रश्न त्यांनी विचारला.

"मुंबईला एका हॉटेलच्या फाटकाबाहेर उभं राहून मी हे संगीत ऐकलं आहे. माझ्याबरोबरचे गृहस्थ म्हणाले, ह्यात वाजवणारा आयत्या वेळी स्वतःचं काही घालतो. आपल्या ख्यालासारखं. तुमचे विद्यार्थी घालतात का?"

"अजिबात नाही!" मास्तर अभिमानानं म्हणाले. "एक सूरसुद्धा नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघतो."

साहेबांची बोटं थांबली. "मग हे पाठांतर झालं, मास्तर. पाठांतराला मान्यता द्यायची तर मला पाढे म्हणणाऱ्या शाळांनाही संगीत विद्यालयं म्हणावं लागेल. बरं, ऐकवा."

म्हणजे मी वाजवायला सुरुवात करण्याआधीच नापास झाले होते. मी मास्तरांकडे बघितलं. ते प्रसन्न होते. त्यांना काही कळलंच नव्हतं.

वाजवलं. खोकल्याच्या जागी खोकले, जांभईच्या जागी जांभई दिली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिसरी फेरी संपली. मी कॉर्नेट खाली घेतलं, आ केला. खोलीत शांतता, फक्त सिदूचा ढोल हळू चाललेला. आणि त्या शांततेत मामंजींच्या पोटरीत गोळा आला.

"आगं आय आय आय गं!"

मी दचकले. हातातलं कॉर्नेट आपोआप तोंडाला गेलं आणि त्यातून काहीतरी निघालं. काय निघालं ते मला सांगता येणार नाही. साहेबांची मान एकदम इकडे वळली. ते मी बघितलं, आणि थांबले असते तर सगळं संपलं असतं हेही मला कळलं.

"सोडा रं दोरी!" मामंजी ओरडले.

त्यांचं ओरडणं जिथं चढलं तिथं मी चढवलं, जिथं पडलं तिथं पाडलं. सिदू उठून दोरी सोडायला धावणार, तेवढ्यात मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बसला आणि जोरात बडवू लागला. शेवटी मास्तरच दोरीशी झोंबायला लागले. पण पलटणीची गाठ ती, ओढावी तशी आवळत गेली.

"आरं मुडद्यांनो, पाय तुटला!"

मी उत्तर दिलं.

"सुभेदाराचा पाय हाय त्यो!"

मी त्यालाही उत्तर दिलं. साहेब मांडीवर ताल देत होते. खालून शेटचा आवाज आला, "वा मास्तर! चारी कोपऱ्यांतला किडा पळाला!" मग मास्तरांनी दातांनी दोरी तोडली आणि मामंजींचा पाय खाटेवर धाडकन पडला, तो सिदूच्या ढोलावरच्या शेवटच्या ठोक्याबरोबर, बरोबर समेवर.

"क्या बात है!" साहेब उभे राहिले. "मास्तर, तुम्ही फार विनयी आहात. काही घालत नाही म्हणालात. आणि हे वडीलधारे किती समरसून साथ करतात! ह्या वयात हा आवाज!"

त्यांनी तिथेच मान्यता दिली आणि पोटरी चोळणाऱ्या मामंजींशी हस्तांदोलन करून गेले.

मी पदविकेचा छापील कागद मास्तरांसमोर ठेवला. "सही करा."

"करणार नाही."

"का?"

"तुम्ही चिजेत भेसळ केली. मोकळ्या जागेत वाजवलंत. उस्तादांनी तिथं काही वाजवलं नव्हतं."

"मान्यता त्यामुळेच मिळाली, मास्तर."

"मान्यता गेली खड्ड्यात. माझं घराणं बुडालं." ते खरंच पांढरे पडले होते. मामंजी खाटेवरून म्हणाले, "कर की रं सही. माझा पाय गेला, तुझं काय गेलं?" पण मास्तर ढिम्म.

मला राग आला होता, पण रागानं सही मिळत नाही. मी त्यांच्यासमोर बसले.

"मास्तर, उस्ताद रोज वाजवायचे?"

कानाची पाळी. "रोज."

"रोज हेच?"

मास्तर मिशीचं टोक पिळू लागले.

"सांगा ना. हेच वाजवायचे का?"

"हे शनिवारचं," ते हळू म्हणाले. "शनिवारी त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. मी पाठ केलं. रविवारी त्यांनी वेगळं वाजवलं. मला वाटलं, ताप चढला. सोमवारी आणखी वेगळं. मंगळवारी तर सुरुवातच ओळखू येईना. मला वाटलं, हा माणूस आता काही जगत नाही. मला तिथून हलवलं तेव्हा ते वाजवतच होते, रोज बिघडत होते. म्हटलं, एक शनिवार तरी शाबूत राहावा. तो मी जपला."

"साहेब काय म्हणाले ते ऐकलंत ना?" मी म्हटलं. "त्यांच्यात आयत्या वेळी स्वतःचं घालतात."

"मग..." मास्तर थांबले. "मग ते आजारी नव्हते?"

"पाय मोडला होता. बाकी धडधाकट होते."

"मी तीन वर्षं त्यांच्या नावानं शनिवार करतोय."

"उपास?"

"निर्जळी."

मामंजी उठून बसले. "आरं, जित्या माणसाचा?"

मास्तर खिडकीकडे गेले. पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. रडतात की हसतात ते मी बघायला गेले नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "म्हणजे शनिवारी जेवू म्हणता?"

"पोटभर जेवा."

त्यांनी कागद ओढला, दौत घेतली आणि सही केली. पण तत्त्वाचा माणूस. विषयाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'जॅझ (मंगळवारचे). उत्तीर्ण.'

"मास्तर, हा कंस कशाला?"

"तुम्ही मंगळवारचं वाजवलं. बाकीच्या दिवशी तुम्हाला येतं की नाही, मला काय ठाऊक?"

आठवड्याभरात तो कागद घेऊन मी साताऱ्यात मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"म्हणजे तुम्हाला संगीत फक्त मंगळवारी येतं?"

"तसंच लिहिलंय."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मी शिवण शिकवीन."

बाई वेळापत्रकाकडे बघून म्हणाल्या, शिवणाची जागाही रिकामीच आहे. त्याच दुपारी त्यांनी मला किल्ली दिली. खोलीला खिडकी होती, आणि आतून कडी होती.